आरसी बुकात न मावणारं घर

"इन्शुरन्स शोरूमवालाच करून देतो ना?" मोटरहोम घ्यायला निघालेल्या माणसाचा विम्याबद्दलचा हा पहिला प्रश्न असतो, आणि बऱ्याचदा शेवटचाही. उत्तर 'हो' असंच आहे. पण शोरूमवाला विमा करतो तो त्याने विकलेल्या वस्तूचा, आणि त्याने विकलेली असते रिकामी व्हॅन. पुढे तिच्यात ओटा येतो, पलंग येतात, फ्रिज येतो, छतावर सोलर चढतं, पोटाखाली पाण्याच्या टाक्या लागतात. या सगळ्याचे पैसे दुसऱ्याच माणसाला, दुसऱ्याच पावतीवर दिलेले असतात. विमा कंपनीच्या लेखी ती व्हॅन अजून रिकामीच असते.

मोटरहोम अर्धी गाडी आणि अर्धं घर. विम्याचे आणि मदतसेवेचे छापील कागद मात्र फक्त गाडी ओळखतात. घराचा अर्धा भाग आपण मागे लागून लिहून घेतला तरच कागदावर येतो. तो कुठे आणि कसा लिहून घ्यायचा, ते आता पायरीपायरीने पाहू.

१. आधी आरसी, मग पॉलिसी

विमा कंपनी गाडी बघण्याआधी आरसी बघते, आणि त्यातही 'व्हेइकल क्लास'चा रकाना. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांच्या दोन याद्या केल्या: धंद्याची म्हणजे ट्रान्सपोर्ट, आणि खाजगी म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट. गंमत अशी की कॅम्पर व्हॅन दोन्ही याद्यांत आहे. दुसऱ्या यादीत तिच्यापुढे 'खाजगी वापरासाठी' एवढे शब्द जास्त आहेत. पाटी पिवळी की पांढरी, फिटनेस कधी करायचा, प्रीमियम कुठल्या तक्त्यातून निघणार आणि पुढे नो क्लेम बोनस मिळणार की नाही, हे सगळं त्या शब्दांवर ठरतं.

मोटर कॅरॅव्हॅन कशाला म्हणायचं, हेही मोघम नाही. एआयएस-१२४ नावाचं भारतीय मानक आहे. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा एवढं गाडीत हवं. म्हणजे मागची सीट काढून गादी टाकली की झाली कॅरॅव्हॅन, असं होत नाही.

खरी अडचण येते ती ओळखीच्या सुताराकडून आणि वेल्डरकडून हौसेने करून घेतलेल्या गाड्यांची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कारखान्यातून निघताना गाडीची जी वैशिष्ट्यं नोंदली गेली, त्यांपासून फारकत घेणारे बदल परस्पर करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला. पोलिसाने अडवलं तर दंड भरून सुटता येतं. पण क्लेमच्या वेळी सर्व्हेअर हातात आरसी घेऊन गाडीभोवती फिरतो, आणि आरसीत तेरा सीटची ट्रॅव्हलर असेल तर आतला ओटा बघून त्याला पुढचं लिहायला वेळ लागत नाही. म्हणून गाडी बनवून देणाऱ्याकडे लाकूड कुठलं वापरता, हे विचारण्याआधी एआयएस-१२४ प्रमाणे मिळालेलं मान्यतापत्र मागावं. ते असेल तर आरटीओचं पासिंग योग्य क्लासमध्ये होतं, आणि विम्याचा पाया पक्का होतो.

आरसीवरचे आणखी दोन आकडे डोळ्यांखालून घाला. पहिला आसनक्षमतेचा. चार सीट असतील तर प्रवासी चारच. मागचा पलंग ही झोपायची जागा आहे, बसायची नाही. धावत्या गाडीत आजींना तिथे आडवं करून नेलं आणि अपघात झाला, तर जखमेबरोबर वादही पदरात पडतो. दुसरा आकडा एकूण वजनाचा. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो. बॅटऱ्या, भांडी, सायकली आणि चार माणसं घेऊन गाडी एकदा वजनकाट्यावर न्या, पावती घ्या आणि जपून ठेवा. सामान भरल्यावर आरसीतल्या वजनाच्या पुढे गेलेल्या गाड्या थोड्या नसतात, आणि ते मालकाला माहीतही नसतं.

२. थर्ड पार्टी: दुसऱ्यासाठीचा विमा

बोलताना आपण 'फर्स्ट पार्टी' आणि 'थर्ड पार्टी' म्हणतो. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. कायद्याने सक्तीचा आहे तो एवढाच. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. त्याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे इथे दहा कंपन्यांची भावतुलना करण्यात वेळ घालवू नका. समोरच्याच्या मृत्यूची किंवा दुखापतीची भरपाई न्यायाधिकरण ठरवेल तेवढी. मालमत्तेच्या नुकसानाला मात्र साधारण साडेसात लाखांची मर्यादा असते. मालक-चालकाच्या स्वतःच्या अपघाताचं १५ लाखांचं संरक्षण याच्याच जोडीला येतं.

मोटरहोमचा मालक इथे एक वेगळा प्रश्न विचारतो, आणि तो रास्त आहे: "गाडी चालू असताना विमा आहे, ठीक. पण आम्ही तर चोवीसातले अठरा तास उभेच असतो. उभ्या गाडीने काही झालं तर?"

याचं उत्तर सातारा जिल्ह्यातल्या एका भीषण घटनेतून मिळालं आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे राष्ट्रीय महामार्ग ४ वर पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याकडेला कलंडला, पेट्रोल सांडून साठू लागलं, आजूबाजूची माणसं जमली. धडकेनंतर सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि माणसं भाजून दगावली. टँकर तर तेव्हा निपचित पडलेला होता, मग हा 'मोटार वाहनाच्या वापरातून' झालेला अपघात कसा, असा मुद्दा न्यायालयात गेला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की 'वापर' या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. गाडी चालत नसली, अगदी बंद पडलेली असली, तरी वापर संपत नाही. उभ्या मोटरहोममधून भडका उडून शेजारच्या तंबूतल्या माणसाला इजा झाली, तर दाद मागायला या निकालाचा आधार आहे. पण तुमच्याकडे चहाला आलेला पाहुणा पायरीवरून घसरला आणि पाय मोडला, तर ते प्रकरण गाडीचं की घराचं? घराचं ठरण्याचा संभव जास्त, आणि घराच्या त्या भागाला साध्या मोटार पॉलिसीत जागा नाही.

जाता जाता लायसन्सबद्दल. ७,५०० किलोपर्यंतची गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. पिवळ्या पाटीची असली तरी वेगळ्या शिक्क्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केलं. आपल्याकडची बहुतेक मोटरहोम या वजनात बसतात. बसच्या सांगाड्यावर बांधलेली असेल तर मात्र वजन पाहा.

३. गाडीची किंमत आणि घराची किंमत

आता फर्स्ट पार्टी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. इथे कळीचा शब्द आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा भंगारात काढण्याइतकी मोडली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल, ती आयडीव्ही. ती काढताना गाडीची कंपनीने जाहीर केलेली किंमत घेतात आणि वयाप्रमाणे कापतात: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते.

मानू या, तुम्ही १८ लाखांची व्हॅन घेतली आणि आत १२ लाखांचं घर बसवलं. त्यातले ५ लाख विजेच्या वस्तूंचे: लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर पॅनेल, एसी, फ्रिज. उरलेले ७ लाख फर्निचर, टाक्या, सिंक, इन्सुलेशन आणि खिडक्यांचे. चौथ्या महिन्यात शॉर्ट सर्किट होऊन गाडी जळाली. शोरूमने केलेल्या पॉलिसीतली आयडीव्ही १८ लाखांच्या ९५ टक्के, म्हणजे १७ लाख १० हजार. कंपनी तेवढे देईल आणि फाइल बंद करेल. तुमचे गेले ३० लाख. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर आलेली रक्कम आधी बँकेकडे जाते. कर्ज २२ लाखांचं असेल, तर गाडी नाही, घर नाही आणि वर जवळपास पाच लाखांचं देणं.

यावर उपाय जुनाच आहे, फक्त कुणी आपणहून सांगत नाही. मोटार पॉलिसीत कारखान्याबाहेर बसवलेल्या वस्तूंसाठी दोन रकाने असतात: 'इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज' आणि 'नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज'. एरवी लोक तिथे म्युझिक सिस्टिमचे वीस हजार आणि सीट कव्हरचे आठ हजार लिहितात. मोटरहोमचं अख्खं घर याच दोन रकान्यांतून आत न्यायचं असतं. विजेच्या वस्तूंना जुन्या टॅरिफप्रमाणे किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम पडतो: ५ लाखांवर २०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६००. बाकीच्या वस्तू गाडीच्याच दराने जातात. तो अडीच टक्के धरला तर ७ लाखांवर १७,५०० आणि जीएसटी ३,१५०. एकूण ४४,२५० रुपये. रक्कम ऐकून पोटात गोळा येतो हे खरं. पण १२ लाखांचं घर उघड्यावर न ठेवण्याची ही किंमत आहे, आणि दरवर्षी वस्तूंची किंमत उतरते तसा हा आकडाही उतरतो.

हे रकाने भरायला पावत्या लागतात. गाडी बनवून देणाऱ्याने 'इंटिरियर वर्क, एकरकमी' असं एका ओळीत बिल दिलं, तर सर्व्हेअरला त्यातून फ्रिज केवढ्याचा आणि पलंग केवढ्याचा हे काढता येत नाही. वस्तूवार जीएसटी बिल मागा. बॅटरी आणि इन्व्हर्टरचे सीरियल नंबर त्यावर घ्यायला लावा. रोखीत थोडी सूट मिळते म्हणून कच्च्या पावतीवर काम करून घेणारे पुढे हळहळतात.

'रिटर्न टू इन्व्हॉइस' नावाचं जोडसंरक्षण आयडीव्हीऐवजी मूळ बिलाची रक्कम देतं. ते घ्यावं. पण 'इन्व्हॉइस' म्हणजे शोरूमचं एकच बिल की बनवणाऱ्याचंही, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं 'हो सर, सगळं कव्हर होतं' क्लेमच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

आणखी एक फट आहे. शोरूममधून निघालेली व्हॅन बनवणाऱ्याच्या शेडमध्ये काही महिने उभी असते. त्या काळात व्हॅनचा विमा आहे, पण रोज थोडं थोडं वाढत जाणारं घर कुणाच्याच कागदावर नाही. तिथे वेल्डिंगच्या ठिणगीने आग लागली तर? शेडच्या मालकाने गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी आणि अर्धवट कामासाठी आगीचा विमा काढला आहे का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा. गाडी तयार झाल्यावर ताबा घेण्याच्या दिवशीच पॉलिसीत एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, करून घ्या. 'रिन्युअलला बघू' म्हटलं की उरलेलं वर्ष उघडं राहतं.

४. सोनाराची घट

टोटल लॉस क्वचित होतो. खरचटणं, ठेचणं नेहमीचं. या छोट्या क्लेममध्ये कंपनी नवा भाग बसवते पण जुन्या भागाचे पैसे देते. जुनं सोनं देऊन नवं घेताना सोनार आधी घट कापतो, तसाच हा घसारा. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३०, काचेवर शून्य, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, पहिले सहा महिने काही नाही आणि पुढे वाढत वाढत दहा वर्षांनंतर ५० टक्के.

साध्या मोटारीत पत्रा आणि काच जास्त. मोटरहोममध्ये? उंच केलेलं छत फायबरचं, खिडक्या ॲक्रिलिकच्या, बॅटऱ्या एक सोडून तीन. म्हणजे जिथे घट सर्वांत मोठी, नेमकं तेच साहित्य भरलेलं.

समजा, ताम्हिणी घाटात समोरून बस आली, तुम्ही डावीकडे घेतलं आणि कठड्याला घासलात. गाडी अडीच वर्षांची. फायबरचं पॅनेल ६०,०००, त्यातले मिळणार ४२,०००. ॲक्रिलिकची खिडकी आणि प्लास्टिकचा बंपर मिळून ३०,०००, मिळणार १५,०००. खिडकी दिसते काचेसारखी, पण सर्व्हेअर तिला प्लास्टिकच धरणार. पत्र्याचा दरवाजा २०,०००, त्यावर १५ टक्के घट जाऊन १७,०००. मजुरी २५,००० पूर्ण. बिल १,३५,०००, मंजूर ९९,०००, त्यातून सक्तीची वजावट २,००० गेली की हातात ९७,०००. तुमच्या खिशातून ३८,०००. घसारा न कापणारं 'झिरो डेप' हे जोडसंरक्षण घेतलेलं असतं तर गेले असते फक्त २,०००.

म्हणून माझं मत सरळ आहे: मोटरहोमला पहिली पाच वर्षं झिरो डेप घ्यायचंच. बहुतेक कंपन्या ते साधारण तेवढीच वर्षं देतात, आणि वर्षातून किती क्लेम चालतील याची मर्यादा घालतात. ती विचारून घ्या. मात्र झिरो डेप फक्त गाडीच्या भागांना की आपण लिहून घेतलेल्या ॲक्सेसरीजनाही, हा प्रश्न विसरू नका. चावी हरवल्याचं संरक्षण, टायरचं संरक्षण वगैरे यादी पुढे लांबत जाते. त्यातलं बरंचसं सोडून दिलं तरी चालेल.

५. पाणी, गॅस आणि कपाटातलं सामान

कोकणात फिरणाऱ्याने 'इंजिन प्रोटेक्ट' मात्र सोडू नये. पुराने गाडीचं झालेलं नुकसान साध्या फर्स्ट पार्टीत येतं. पण पाण्यात बुडालेली गाडी कुणी घाईने स्टार्टर मारून बघितली आणि पाणी सिलिंडरमध्ये ओढलं गेलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि कंपनी म्हणते की हे पुराने नाही, तुमच्या स्टार्टरने केलं. २६ जुलै २००५ ची मुंबई आणि जुलै २०२१ चं चिपळूण ज्यांनी पाहिलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी चढलं की किल्लीला हात लावायचा नाही. मोटरहोममध्ये याच्या जोडीला घरच्या बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायचा.

छतातून झिरपणारं पाणी ही वेगळी जात. सोलर पॅनेलच्या स्क्रूभोवतीचं सीलंट तडकतं, दोन पावसाळ्यांत प्लायवूड फुगतं, गाद्यांना कुबट वास येऊ लागतो. ही झीज. कुठलीही मोटार पॉलिसी झीज भरून देत नाही. दर मेमध्ये छतावर चढून सीलंट बघणं, हाच तिथला विमा.

गॅसबद्दल थोडक्यात. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर घराच्या स्वयंपाकघरासाठी दिलेला असतो. तो गाडीत टाकून फिरणं नियमात बसत नाही आणि सुरक्षितही नाही. आग लागली तर तपासात पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल. सुटा मिळणारा ५ किलोचा सिलिंडर, पक्का बांधलेला, हवा खेळेल अशा वेगळ्या कप्प्यात, नाहीतर इंडक्शन.

कपाटातलं सामान, म्हणजे लॅपटॉप, कॅमेरा, कपडे, दागिने, मोटार पॉलिसीत येत नाही. वैयक्तिक सामानाचं जोडसंरक्षण मिळतं, पण त्याची मर्यादा तुटपुंजी असते आणि चोरी गाडी फोडून केलेली असावी लागते. घराची विमा पॉलिसी तुमच्या पत्त्याशी बांधलेली. ती ताडोब्याच्या पार्किंगपर्यंत येत नाही. महागड्या कॅमेऱ्याचा वेगळा विमा काढा. दागिने घरीच ठेवा. गाडीच चोरीला गेली तर त्याच दिवशी एफआयआर, कंपनीला खबर, आणि दोन्ही मूळ किल्ल्या जपलेल्या. पुढे पोलिसांची 'ए समरी', म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, येईपर्यंत धीर धरावा लागतो.

६. रस्त्यात बंद पडल्यावर

आता दुसरा अर्धा विषय: रोडसाइड असिस्टन्स, बोलीभाषेत आरएसए. इथे लोक एका गैरसमजात असतात. 'गाडीचा विमा आहे, म्हणजे उचलून नेतील.' विमा अपघाताचा; बिघाड विम्यात येतच नाही. आणि अपघातानंतर गाडी ओढून नेण्यासाठी खाजगी मोटारीच्या साध्या पॉलिसीत छापलेली मर्यादा १,५०० रुपयांची. घाटातून मोठी गाडी आणायला क्रेनवाला १,५०० मध्ये फोनवर नीट बोलणारही नाही.

इंग्लंडमध्ये हे काम मोटारमालकांच्या संघांनी अंगावर घेतलं. तिथला आरएसी १८९७ चा, एए १९०५ चा. मुंबईतही वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. पण आज आपल्याकडे आरएसए येतं ते मुख्यतः तीन वाटांनी: गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून, विम्यावरचं जोडसंरक्षण म्हणून, किंवा वेगळी वार्षिक योजना घेऊन. तिन्हींच्या माहितीपत्रकात तीच यादी: पंक्चर, बॅटरी जंप-स्टार्ट, अडकलेली किल्ली, चार-पाच लिटर इंधन, टोइंग. यादी बघून निवड करू नका. मोटरहोमच्या बाबतीत फरक पडतो तो चार गोष्टींनी.

पहिली, गाडी त्यांच्या व्याख्येत बसते का. पुष्कळ योजना 'खाजगी मोटारी'साठी असतात. फोन केल्यावर तिकडचा मुलगा मॉडेल विचारतो, तुम्ही 'ट्रॅव्हलर' म्हणता, आणि तो म्हणतो, "सर, ही कमर्शिअलमध्ये दाखवतेय." रात्री साडेदहाला, मोबाइलची एकच कांडी असताना, त्याला आरसीवरचा क्लास समजावून सांगणं जिकिरीचं असतं. योजना घेतानाच आरसीची प्रत पाठवा आणि 'हे वाहन पात्र आहे' असं लेखी उत्तर घ्या.

दुसरी, वजन आणि उंची. मोटारी उचलणारी फ्लॅटबेड मोटारींच्या मापाची असते. छतावर एसी बसवलेलं मोटरहोम जमिनीपासून तीन मीटरच्या आसपास जातं. फ्लॅटबेडचा पाटा सुमारे एक मीटर उंच. दोन्ही मिळून चार मीटर. रेल्वेखालचा बोगदा, गावातल्या लोंबत्या तारा, पेट्रोल पंपाचं छप्पर, सगळीकडे टोला बसायची भीती. दुसरी रीत म्हणजे पुढची चाकं उचलून ओढणं. ट्रॅव्हलरसारखी गाडी मागच्या चाकांवर चालते, आणि ओढताना तीच चाकं जमिनीवर फिरत राहतात. म्हणून आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवावा लागतो, नाहीतर गिअरबॉक्सची वाट लागते. सगळ्या क्रेनवाल्यांना हे माहीत असतंच असं नाही, तुम्हाला असू द्या. पुढचं उचललं की मागची शेपूट खाली झुकते आणि तिथेच सांडपाण्याची टाकी लटकलेली असते. निघण्याआधी ती रिकामी करा, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, कपाटांच्या कड्या लावा आणि चारही बाजूंनी फोटो काढा.

तिसरी, किलोमीटर. '५० किलोमीटरपर्यंत टोइंग मोफत' असं वाक्य असतं. ५० कुठून मोजायचे? गाडी बंद पडली तिथून गॅरेजपर्यंत, की टोइंग व्हॅन निघाली तिथून परत तिथपर्यंत? आंबोली घाटात बंद पडलात तर खाली सावंतवाडी तीसेक किलोमीटर, कोल्हापूर शंभराहून जास्त. 'जवळचं अधिकृत गॅरेज' कोल्हापूरचं निघालं, तर वरच्या किलोमीटरचा दर काय आणि तो तिथल्या तिथे रोख द्यायचा का? कोकण किंवा विदर्भ फिरणाऱ्याने किमान शंभर किलोमीटरवाली योजना शोधावी, भले तीनशे-चारशे जास्त पडोत.

चौथी गोष्ट घराच्या बाजूची, आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. आरएसएचा मेकॅनिक इंजिन, चाकं, स्टार्टरची बॅटरी बघतो. पाण्याचा पंप बंद पडला, इन्व्हर्टर ट्रिप झाला, छतावरची खिडकी उघडीच अडकली, तर तो हात वर करतो, आणि त्याचं चुकतही नाही. त्यासाठी गाडी बनवणाऱ्याशीच वर्षाचा करार करा: फोनवर मार्गदर्शन, वायरिंगचा आराखडा तुमच्या हातात, फ्यूज कुठे आहेत त्याची चिकटवलेली यादी. हा आराखडा दरवाजाच्या आत लावलेला असेल, तर तालुक्याच्या गावातला साधा ऑटो-इलेक्ट्रिशियनही काम निभावून नेतो.

हॉटेलचा खर्च देणाऱ्या योजनांत एक मजेशीर कलम असतं: गाडी 'अमुक तासांत दुरुस्त होणार नसेल तर' एक रात्र मुक्काम. मोटरहोमवाल्याला वाटतं, आपल्याला काय करायचंय, आपलं घर आहेच. पण घर तर गॅरेजमध्ये गेलेलं असतं! इतरांपेक्षा तुम्हालाच या कलमाची गरज जास्त. आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांक लक्षात ठेवा. निदान गाडी धोक्याच्या जागेवरून हलवायला मदत मिळते.

७. मित्राला दिली, भाड्याने दिली, नेपाळला नेली

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अनेकांच्या मनात येतं: आठवडाभर उभीच असते, भाड्याने देऊ या. खाजगी पॉलिसीत 'भाडे किंवा मोबदल्यासाठी वापर' स्पष्ट वगळलेला असतो. मित्राला गाडी दिली, काही घेतलं नाही आणि त्याच्याकडे लायसन्स आहे, तर चालतं. त्याच्याकडून दिवसाचे चार हजार घेतलेत आणि ते यूपीआयवर आले, तर क्लेमच्या वेळी तो पुरावा तुमच्याविरुद्ध उभा राहतो. धंदा करायचा तर ट्रान्सपोर्टमध्ये पासिंग आणि त्याप्रमाणे विमा, मधली वाट नाही.

पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांसाठी जादा प्रीमियम भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून मिळतं. निघण्याआधी अर्ज करा. आरएसए मात्र सीमेवर थांबतं.

८. नो क्लेम बोनस आणि न मागितलेला क्लेम

वर्षभर क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे फर्स्ट पार्टीच्या, प्रीमियमवर सूट मिळते: २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी मोटार विकून मोटरहोम घेत असाल तर जुन्या कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. बोनस एकाच वर्गातल्या गाडीवरून गाडीवर जातो, म्हणून पांढऱ्या पाटीचा मुद्दा इथे पुन्हा आडवा येतो. मोटरहोमचा ओन डॅमेज प्रीमियम ४०,००० असेल आणि जुन्या मोटारीचा बोनस ५० टक्के, तर पहिल्याच वर्षी २०,००० वाचतात. शोरूमवाला हे पत्र आपणहून मागेलच असं नाही. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर साठलेला सगळा बोनस जातो. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवणाऱ्यांच्या हातून हे हमखास होतं.

आता हिशेबाचा शेवटचा प्रसंग. वाऱ्याने बाजूची ऑनिंग, म्हणजे सावलीची कनात, फाटली, दुरुस्ती ९,०००. क्लेम करायचा? केला तर ५० टक्क्यांचा बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा पायरी पायरीने चढतो. पहिल्या वर्षी ५० टक्क्यांचा फरक, नंतर ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के. प्रीमियम ४०,००० च धरला तर पाच वर्षांत ५०,००० रुपये. ऑनिंग स्वतःच्या पैशाने शिवून घ्या. ताडपत्री शिवणारे कुठल्याही मार्केट यार्डाबाहेर बसलेले असतात आणि ते ९,००० पेक्षा कमीच घेतील.